दोन काटे एका टेबलावर

४ जून

शाळेचे वरचे वर्ग बंद झाले, हे आता पक्कं. मुलंच उरली नाहीत म्हणे. पुढची शाळा इतकी लांब की पोरी उजाडायच्या आत घर सोडतील आणि दिवेलागणीनंतर परत येतील. शेजारच्यांनी आपापली मुलं वसतिगृहात धाडली. थोरलीची जिवाभावाची मैत्रीणही काल गेली. थोरली तिला सोडायला बसस्टॉपवर गेली होती. आल्यावर जेवली नाही. उकाडाही फार होता.

मी दोघींना घरीच शिकवणार. थोरली पंधराची, धाकटी तेराची, म्हणजे अ-आ-इ-ई गिरवायचं वय नाही, खरा अभ्यास आहे. पुढे बाहेरून परीक्षेला बसवता येतं, तशी सोय आहे. नवरा जहाजावर इंजिनं सांभाळतो, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. फोनवर म्हणाला, झेपेल ना तुला? म्हटलं, आख्ख्या बाजाराचे वजनकाटे तपासले, दोन पोरी काय जड आहेत?

ऑफिसात लांबलचक रजेचा अर्ज देऊन आले. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून सही केली. वाईट वाटलं ते छटाकचं. ती माझी जोडीदारीण. आमच्या खात्यात तपासणीला एकटं जायचं नाही असा नियम आहे, एकीनं काटा वाचायचा, दुसरीनं लिहायचं. अंगानं एवढीशी म्हणून सगळे तिला छटाक म्हणतात. जिभेनं मात्र चांगली मणभर आहे. आज "आता मी कोणाबरोबर जाऊ?" एवढंच म्हणाली. म्हटलं, मिळेल कोणीतरी.

९ जून

तीन कंपन्यांचे नमुना संच आले. पुस्तकं, स्वाध्याय, शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका, प्रयोगाच्या डब्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. एक निळ्या कव्हरांचा, एकदम कडक. एकात सगळं गोष्टींतून. एक पडद्यावरचा, त्यात पुस्तकं कमी आणि चित्रफितीच जास्त.

निवडायचं कसं? काटा तपासताना आम्ही आपल्याकडचं खात्रीचं वजन त्याच्यावर ठेवतो आणि तो काय सांगतो ते बघतो. तसंच केलं. प्रत्येक विज्ञानाच्या पुस्तकात वजन आणि वस्तुमान यांचं पान काढलं. वस्तुमान म्हणजे वस्तूत माल किती, वजन म्हणजे जमीन तिला किती जोरानं ओढते. चंद्रावर नेली तरी माल तेवढाच राहतो, ओढ कमी होते. आमच्या घरात हे सगळ्यांना तोंडपाठ. धाकटी चार वर्षांची असताना पाहुण्यांना सांगत सुटायची की तुम्ही चंद्रावर गेलात तरी बारीक होणार नाही.

गोष्टीवाल्या संचानं दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरलेत. बाद. पडद्यावरचा त्या जागी गाणं म्हणतो. निळा संच बरोबर आहे, सरळ आहे, एक शब्द जास्त नाही. निळा घ्यायचा.

थोरलीनं विचारलं, आम्हा दोघींना एकच पुस्तक नाही का चालणार? म्हटलं, खर्चाची काळजी तू करू नकोस. मोठी झाली आहे, घराचा विचार करायला लागली. बरं वाटलं.

१६ जून

संच मिळण्याआधी कंपनीची पूर्वचाचणी द्यावी लागते, म्हणजे मूल कुठल्या पातळीवर आहे ते कळतं. पातळ्यांना वर्गांचेच आकडे आहेत. दोघींनी समोरासमोर बसून दिली. धाकटीची बडबड, थोरलीचं "गप गं". निकाल आला. धाकटी आठ, थोरली दहा. जिथे असायला हव्यात तिथेच. कंपनीची सल्लागार बाई फोनवर फार गोड बोलते. तिला आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. त्यातल्या काही मला आधीच ठाऊक होत्या.

२३ जून

वेळापत्रक तयार. थोरलीची पातळी दहा, ती आतल्या खोलीत बसेल, दार लावून. धाकटीची आठ, ती हॉलमध्ये. मी मध्ये स्वयंपाकघरात, उत्तरसूची घेऊन. टायमर वाजला की विषय बदलायचा. धाकटीची मधली सुट्टी आधी आणि थोरलीची नंतर, म्हणजे एकीचा आवाज दुसरीला नको.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं होतं, दोन काटे एका टेबलावर ठेवायचे नाहीत. एकावर वजन पडलं की दुसरा हलतो, मग दोन्हींचं वाचन बिघडतं. इतक्या वर्षांत या नियमानं मला कधी तोंडघशी पाडलेलं नाही.

थोरलीला वेळापत्रक दाखवलं. "चालेल," म्हणाली.

२ जुलै

घर कसं यंत्रासारखं चाललंय. टायमर वाजतो, पानं उलटतात, पुन्हा टायमर. मार्गदर्शिकेत पावलोपावली लिहिलंय, "वर्गाचे चार गट करा", "शेजारच्या मित्राशी चर्चा करा". असल्या ओळी मी पेन्सिलीनं खोडून टाकल्या. उरतो तो शुद्ध अभ्यास.

दुपारी थोरलीच्या दाराशी उभी राहिले. आतून काहीच आवाज नाही. इतकी एकाग्रता मला तिच्या वयात नव्हती.

९ जुलै

छटाक आली होती, बिस्किटांचा पुडा घेऊन. टेकली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "घरात कोणी आजारी आहे का गं?"

मला हसू आलं. म्हटलं, अभ्यास चाललाय. शिस्त म्हणतात याला.

तिला नवीन जोडीदार मिळालाय. पोरगा आकडे भराभर लिहितो पण काट्याकडे बघतच नाही, म्हणाली. मग आम्ही जुन्या तपासण्या काढून बसलो. तो धान्यवाला आठवला का तुला, ती म्हणाली. न आठवायला काय झालं? त्याचा काटा दरवेळी कमी भरायचा आणि तो दरवेळी म्हणायचा, बिघडलाय हो मॅडम. एकदा साहेब स्वतः आले. पाच-सहा वेगवेगळी वजनं ठेवून बघितली आणि म्हणाले, बिघडलेला काटा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. हा एकाच बाजूला चुकतोय, तेही सारखाच. याला हात लागलाय. धान्यवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की धाकटी हॉलमधून उठून आली. तिला परत पाठवलं, तिची वेळ झाली नव्हती.

छटाक गेल्यावर कप विसळताना उगीच भरून आलं. दोन कप विसळायची सवय गेली म्हणून असेल.

१५ जुलै

नवऱ्याचा फोन. म्हणाला, थोरली हल्ली बोलतच नाही, दोन शब्द बोलून लगेच धाकटीकडे फोन देते. म्हटलं, लाइनला खरखर असते म्हणून. शिवाय फोनचं वेड आपोआप सुटलंय तिचं. मैत्रिणीचे मेसेज आधी दिवसभर यायचे, आता दिवसचे दिवस येत नाहीत. मी एक शब्द बोलले नाही, आपोआपच झालं.

२१ जुलै

माझंच मन निळ्या संचावरून उडायला लागलंय. बरोबर आहे, पण कोरडाठाक. धाकटी इतिहास वाचता वाचता झोपली. गोष्टीवाल्या संचाला मी उगीच घाईनं बाद केलं का? एक पान चुकलं म्हणून आख्खं पुस्तक वाईट ठरत नाही. गोड बाईला फोन केला होता, पण ती निळ्यावाल्यांची, ती कशाला दुसऱ्याचं सांगेल? तरी बराच वेळ बोलली. शेवटी, "ताई, आणखी काही?" म्हणाली तेव्हा फोन ठेवला.

गोष्टीवाल्यांची पूर्वचाचणी मागवली. थोरलीनं आपल्या खोलीत दिली, धाकटीनं हॉलमध्ये.

२८ जुलै

धाकटी आठ. थोरली नऊ.

नऊ? दीड महिन्यापूर्वी दहा होती. म्हणजे घरी बसून पोरगी मागे गेली? गोष्टीवाल्यांच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, घरून शिकणाऱ्या मुलांचं सुरुवातीला असं होतं. त्याच्या आवाजात सहानुभूती होती, तीच मला टोचली.

ऑगस्टअखेर बाहेरून परीक्षेची नावनोंदणी आहे. सोबत कुठल्याही एका संचाचा ताजा पातळीचा दाखला जोडायचा, आणि त्यावर असेल त्याच वर्षाच्या परीक्षेला बसू देतात. नऊचा दाखला गेला तर थोरलीचं एक वर्ष गेलं.

तिचे तास वाढवलेत. संध्याकाळी धाकटी खाली सायकल चालवते तेव्हा थोरलीला आणखी एक तास गणित. दार नीट लावून घेते मी, वारा लागतो.

४ ऑगस्ट

दुकानात गेले होते. पूर्वी मी दिसले की दुकानदार काटा पुसायचा, बसायला स्टूल द्यायचा. आज म्हणाला, मॅडम, तुम्ही सोडलं ना ते काम? स्टूल दिलं नाही. त्याचा काटा शून्यावर नव्हता. मी पैसे देऊन निघाले. घरी येताना वाटलं, हे सांगायला आता कोणी नाही.

१० ऑगस्ट

आता पडद्यावरचा संच. मला आवडो न आवडो, मुलांना हल्ली तेच रुचतं म्हणतात. त्यांचीही चाचणी दिली. थोरलीनं आधी धाकटीला विचारलं, तुला किती येतं यातलं? धाकटीनं पान वळवून दाखवलं, इथपर्यंत येतं, पुढचं नाही. बहिणीबहिणींत अभ्यासाचं बोलणं चाललंय, हे बघून जरा धीर आला.

१७ ऑगस्ट

आठ. दोघीही आठ.

 पंधरा वर्षांची हुशार मुलगी, शाळेत पहिल्या पाचांत असायची, आणि दोन महिन्यांत मी तिचं हे करून ठेवलं. साहेब, शेजारीण, नवरा, सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. नवऱ्यानं फोनवर आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला, "वसतिगृहात जागा आहे का बघ." त्याचा दोष नाही. मीही तोच विचार करत होते. थोरली गेली की आतली खोली रिकामी होईल. तशी आत्तासुद्धा त्या खोलीतून काही आवाज येत नाही.

थोरलीला निकाल सांगितला. तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "मग मी आता आठचं पुस्तक घेऊ?" म्हणाली. मला इतका राग आला की मी उठून गच्चीत कपडे काढायला गेले. वाळलेही नव्हते.

१९ ऑगस्ट

वसतिगृहाला फोन केला. जागा आहे. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

पाठवायची तर निदान तिचं काय कच्चं आहे ते तरी लिहून द्यावं, म्हणून आज दुपारी तिच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढल्या. खरं म्हणजे हे आधीच करायला हवं होतं. मी, काटे तपासणारी, काटा न बघता नुसती पावती वाचत बसले.

पडद्यावरच्यांच्या चाचणीत पहिलाच चुकलेला प्रश्न विज्ञानाचा. दगड चंद्रावर नेला तर काय बदलेल? तिनं खूण केली होती, वस्तुमान.

मी तो कागद खिडकीशी नेऊन बघितला. आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे चुकणार नाही. माझी मुलगी चुकते?

मग गणित बघितलं. पातळी आठपर्यंत सगळं बरोबर, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. त्यापुढचं सगळं चूक. मी स्वतः सोडवून बघायला बसले. उत्तर सात, तिनं लिहिलं आठ. उत्तर चाळीस, तिनं लिहिलं एकेचाळीस. पुढचं, त्याच्या पुढचं. प्रत्येक उत्तर खऱ्यापेक्षा बरोबर एकनं जास्त. एकही कमी नाही.

खरं उत्तर आल्याशिवाय त्यात एक मिळवता येत नाही. याला हात लागलाय.

तिच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. ती टेबलाशी बसली होती, पुस्तक बंद, टायमर समोर. कागद तिच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, अभ्यास टाळायचा होता तर तोंडानं सांगायचं. की मला धडा शिकवायचा होता? की वसतिगृहात जायचं आहे मैत्रिणीकडे? तसंही सांगता आलं असतं.

ती कागदाकडेच बघत होती. 

"आठची पातळी हॉलमध्ये बसते," ती म्हणाली.

मला कळलं नाही. म्हटलं, मग?

"तू म्हणालीस, पातळी वेगळी म्हणून खोली वेगळी. मग मी पातळी बदलली. पहिल्या वेळी अंदाज चुकला, नऊ आली." तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसा. "आई, दिवसभर माझ्याशी फक्त टायमर बोलतो."

मी  नंतर स्वयंपाकघरात येऊन बसले आणि समोर उत्तरसूची होती, तिच्यावर डोकं टेकून रडले. आधी तिच्यासाठी. मग मला कळेना की कोणासाठी चाललंय. छटाकची फार आठवण आली.

२० ऑगस्ट

वसतिगृहाला नाही म्हणून कळवलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसायला लागला, मग खोकायला लागला. लाइनला खरखर नव्हती.

थोरलीला म्हटलं, पातळी दहाच राहील, एकही वर्ष वाया घालवायचं नाही. पण पुस्तक दहाचं आणि टेबल हॉलमधलं. ती लगेच उठून पुस्तकं गोळा करायला लागली. मी स्वयंपाकघराकडे वळले.

"तू कुठे बसणार?" तिनं विचारलं.

म्हटलं, माझी जागा आहे की ओट्यापाशी.

"टेबलाला चार बाजू आहेत," ती म्हणाली.

एक बाजू भिंतीला लावलेली होती. तिघींनी मिळून टेबल पुढे ओढलं. मागे धुळीत धाकटीचं कधीचं हरवलेलं खोडरबर सापडलं.

२५ ऑगस्ट

साहेबांचा नियम शंभर टक्के खरा आहे. एकीनं खोडलं की दुसरीची ओळ वाकडी जाते. धाकटी पाय हलवते, त्यानं टेबल हलतं, मग थोरली ओरडते, मग मी. टायमर कोणी कपाटात टाकला ते कोणी सांगत नाही. गोष्टीवाल्या संचातला इतिहास थोरली मोठ्यानं वाचते, गणित निळ्यातूनच, आणि पडद्यावरचं ते वजनाचं गाणं दोघी मला चिडवायला म्हणतात. मार्गदर्शिकेत खोडलेल्या ओळी आता खोडरबर घेऊन परत आणता येतात का बघते आहे. "शेजारच्या मित्राशी चर्चा करा" अर्धवट दिसायला लागलंय.

छटाकला रविवारी बोलावलंय. काटा घेऊन ये म्हटलं, पोरींना दाखवायचा आहे.

२८ ऑगस्ट

नावनोंदणीसाठी थोरलीनं निळ्या संचाची चाचणी पुन्हा दिली, टेबलाशीच, धाकटीच्या शेजारी. पाठवण्याआधी मी स्वतः तपासली. मोठ्या पातळीच्या प्रश्नांत बऱ्याच चुका आहेत. दहाचा दाखला मिळेल असं वाटतं, पण अगदी काठावर. दोन महिने दार लावून घेतल्याचं काहीतरी भरावं लागणारच. एका गणितात शेवटचा आकडा फराटा होऊन पानाबाहेर गेलाय, तिथे टेबल हललं असणार.

लाल पेन घेऊन एकेक उत्तर ताडून बघितलं. कुठे तीननं जास्त, कुठे पाचनं कमी, कुठे चिन्हच उलटं. चुका कधी इकडे, कधी तिकडे. दोनदा तपासलं. मग, तपासणी एकटीनं करायची नाही म्हणून, थोरलीला हाक मारून माझ्या शेजारी बसवलं. ती उत्तरं वाचत गेली आणि मी लिहीत गेले.